कंपनी कोर्सची फी भरणार? सही करण्याआधी हे वाचा

माझ्या पहिल्या क्लाउड सर्टिफिकेशनचे पैसे कंपनी देणार होती. पण मी आधी परीक्षा दिली आणि मॅनेजरची मंजुरी नंतर मागितली. पास होऊनही क्लेम रिजेक्ट! एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची फी 150 डॉलर, वर टॅक्स. सगळं माझ्याच खिशातून गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

कंपनी पैसे कसे देते?

- लायसन्स: कोर्सेरा किंवा युडेमीसारखं सबस्क्रिप्शन कंपनीच घेते. ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा, मोबाईलवर शिका.
- रिइम्बर्समेंट: फी आधी तुम्ही भरायची. पास झालात की बिल आणि निकाल जोडून क्लेम टाकायचा. मंजुरी मात्र आधीच घ्यायची.
- स्पॉन्सरशिप: मोठ्या कोर्सची फी पूर्ण किंवा थोडी कंपनी भरते. उदा. बिट्स पिलानीच्या 'विल्प'मधून नोकरी न सोडता एम.टेक. करता येतं, आणि काही कंपन्या त्यासाठी मदत करतात.

खरी मेख कुठे आहे?

बॉन्डमध्ये. समजा कंपनीने 60,000 रुपये भरले आणि अट आहे 12 महिने थांबण्याची. तुम्ही 9 महिन्यांनी नोकरी सोडली. करारात 'प्रो-रेटा' लिहिलं असेल तर उरलेल्या 3 महिन्यांचे 15,000 द्यावे लागतील. नसेल तर पूर्ण 60,000! ही रक्कम बहुतेक वेळा फुल अँड फायनलमधून कापली जाते.

'बॉन्डला कोर्टात किंमत नसते' असं मित्र सांगतील. त्यावर जाऊ नका. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरायचे. तो वाद भरतीच्या खर्चाचा होता, पण अशा अटी सरसकट बेकायदा नसतात हे त्यातून कळतं. दुसरीकडे, करार कायद्याच्या कलम 74 नुसार भरपाई वाजवी असावी लागते. त्यामुळे मनाला येईल तो आकडा कंपनीलाही मागता येत नाही.

एचआरला हे पाच प्रश्न ईमेलवरच विचारा

1. मंजुरी कुणाची आणि कधी घ्यायची?
2. नापास झालो तर पैसे मिळतात का?
3. बिल कुणाच्या नावाने हवं?
4. बॉन्ड किती महिन्यांचा? तो कोर्स सुरू झाल्यापासून मोजतात की संपल्यापासून?
5. कंपनीनेच काढलं तर पैसे परत करावे लागतात का?

तोंडी उत्तर नंतर कुणाला आठवत नाही, ईमेल मात्र सर्च करून सापडतो.

आणि एक टिप

सर्टिफिकेशनचं अकाउंट पर्सनल ईमेलवर उघडा. एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं, पण ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो. लायसन्सवर केलेल्या कोर्सची सर्टिफिकेट्सही वेळीच डाउनलोड करून ठेवा.

कंपनी शिकवत असेल तर नक्की शिका. फक्त कोर्सचा सिलॅबस वाचता तसा करारही नीट वाचा.