दश्शी-दुर्रीचा धनी आणि त्याचा प्रतिस्पर्धी

पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, असे मानणाऱ्या मित्रांनी डॉईल ब्रन्सन आणि स्टू उंगर यांच्या चरित्रांकडे एकवार अवश्य पाहावे. टेक्सासच्या ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही खेपांस अखेरच्या डावात त्याच्या हाती दश्शी-दुर्रीसारखी क्षुद्र पाने होती, म्हणून त्या जोडीला आजही त्याचेच नाव आहे. प्रतिपक्षाला उसंत न देता पैजेमागून पैज लावीत राहायचे, आणि खरे बळ कोणते व हूल कोणती याचा निवाडा त्याच्याच माथी मारायचा, ही आक्रमक नीती त्याने ‘सुपर सिस्टम’ या ग्रंथात खुलेआम मांडली.

१९८० साली मात्र अंतिम लढतीत उंगरने त्यालाच नमविले. जिन रमीत ज्याच्यासमोर बसावयास कोणी राजी होईना असा हा न्यूयॉर्कचा कृश तरुण, विलक्षण स्मरणशक्ती आणि निर्भय चढाई यांच्या बळावर १९८१ आणि १९९७ सालीही विजयी झाला. परंतु व्यसनाने पुरता ग्रासलेला असल्यामुळे पुढच्याच वर्षी, अवघ्या ४५व्या वर्षी निवर्तला. ब्रन्सन दहा विजयकंकणे कमावून २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन गेला.