गाडीचं दुखणं अंगावर काढू नका!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग सैल झाली, मिक्सरचं भांडं घासू लागलं, शिलाई मशीन टाके सोडू लागलं, की आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं. पण दारातल्या चारचाकीचा विषय निघाला की 'ते यांचं खातं' म्हणून आपण मोकळ्या होतो. खरं तर गाडीच्या हप्त्याची तारीख आपल्यालाच पाठ असते आणि गाडी बंद पडली की घरखर्चाला कात्रीही आपल्यालाच लावावी लागते. म्हणूनच आज इंजिनातल्या एका साखळीविषयी, म्हणजे टायमिंग चेनविषयी, थोडं बोलू या.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या घरची टर्बो डिझेल गाडी भाड्याने चालते. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांतून पेशंट आणायला रात्री-बेरात्री फोन येतो. कधी बाळंतपणाची बाई, कधी साप चावलेला शेतकरी. संसार त्या गाडीवरच चालतो. काही महिन्यांपासून पहाटे गाडी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा 'खर्र' आवाज यायचा आणि चार-पाच सेकंदांत थांबायचा. "डिझेल आहे, आवाज करणारच," असं म्हणत घरच्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग तो आवाज लांबत गेला.

गटाच्या बैठकीत तिने मला विचारलं, "ताई, मिस्त्री इंजिन खोलायचं म्हणतो. खर्च मोठा सांगतो. खरंच गरज असेल का?" आम्ही दोघी वर्ध्याच्या त्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री जुने, समजावून सांगणारे.

टिपऱ्यांचा खेळ आठवा. ठेका जमला तर खेळ रंगतो आणि एकीचा ठेका चुकला की दुसरीच्या बोटावर टिपरी बसते. इंजिनातही तसंच. खाली पिस्टन वर-खाली होतात. वर हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडझाप करतात. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदाच फिरला पाहिजे. हा ठेका राखते ती टायमिंग चेन. ती ढिली होऊन दात्यांवरून सरकली, तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळू शकतो. मग व्हॉल्व्ह वाकतात आणि अख्खं इंजिनच खोलावं लागतं.

लोखंडी साखळी ढिली कशी होते? लोखंड काही रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन कणाकणाने झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून साखळी लांब होते. सायकलची चेन अशीच लोंबते ना? आपल्या आश्रमातल्या चरख्याचंही तेच. माळ ढिली पडली की चाक नुसतंच फिरतं, सूत काही निघत नाही.

ही साखळी ताणून धरायला एक भाग असतो. नावच त्याचं टेन्शनर! घरातल्या बाईसारखा सगळ्यांचा ताण तोच धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब उतरतो. चेन झिजलेली असेल, तर सकाळी दाब परत येईपर्यंत ती खडखडते. पहाटेच्या त्या आवाजाचं कारण हे होतं.

आता टर्बोचं. धुराच्या जोरावर त्याचं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि तेही याच इंजिन ऑइलवर तरंगत. त्या उष्णतेने ऑइल लवकर जळकट होतं. त्यात डिझेलची काजळी मिसळते. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या वर जातो, ते वेगळंच. असं काळं, घट्ट ऑइल पिनांच्या फटीत शिरून घासत राहतं. 'चेन आयुष्यभर टिकते' असं विकणारे सांगतात, पण चेनचं आयुष्य ऑइलवर अवलंबून असतं. जुनी गाडी घेताना पहिल्या मालकाने ऑइल कधी बदललं, हे विचारायचं ते यासाठीच.

आपल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यात तयार झालेलं १.३ लिटरचं मल्टीजेट डिझेल इंजिन चेनचं आहे. २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टचं इंजिनही त्याच घराण्यातलं. उलट डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये रबरी पट्टा आहे. पट्टा असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना तो बदलावाच लागतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि अशी लहान डिझेल इंजिनं नव्या गाड्यांतून जवळजवळ गेलीच. आज तालुक्याच्या गावांत फिरणाऱ्या त्या गाड्या जुन्या, दोन-तीन हात बदललेल्या आहेत. त्यांच्याकडे जास्तच लक्ष हवं.

मैत्रिणीला काम दिवाळीनंतर करावंसं वाटत होतं. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, चालेलही दोन महिने. पण नागपूरच्या रस्त्यावर, आत पेशंट असताना बंद पडली तर?" ती क्षणभर गप्प राहिली. मग गटातून कर्ज घेऊन तिने काम करायचं ठरवलं. निर्णय तिचा होता.

कामाला दोन दिवस लागले. ऑइल काढलं, पुढचं झाकण खोललं, दोन्ही शाफ्ट पिना लावून जागेवर पक्के केले. चेनसोबत टेन्शनर, दातेरी चाकं, चेनला वाट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सील असं सगळं नवं घातलं. इंजिन सुरू करण्याआधी ते हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळल्याची खात्री केली. शेवटी नवं ऑइल आणि फिल्टर. जुनी पट्टी मिस्त्रींनी हातात दिली. तिचा तुकडा उडून ऑइलच्या चेंबरमध्ये पडलेला होता!

तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- आपल्या गाडीत चेन आहे की पट्टा, हे विचारून घ्या.
- ऑइल आणि फिल्टर बदलल्याची तारीख, किलोमीटर दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहा. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचं घ्या.
- लांब पळून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. अर्धा-एक मिनिट चालू राहू द्या, म्हणजे टर्बो निवतो.
- सकाळचा खडखडाट किंवा पिवळा इंजिन दिवा दिसला, तर तपासणी करा. प्रत्येक आवाज चेनचाच नसतो. म्हणून आधी स्कॅनरवर पाहायला सांगा, मगच इंजिन खोलू द्या.
- नुसती चेन बदलून पैसे वाचवू नका. पूर्ण सेट घ्या, पक्कं बिल घ्या आणि जुने भाग डोळ्यांनी पाहा.

आपण बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. कंबर दुखते, चक्कर येते, 'बघू नंतर' म्हणतो आणि दवाखान्यात पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. गाडीचं तसं होऊ देऊ नका. आणि हो, स्वतःचंही!