थिसिसच्या आधीचं वर्ष

पोस्टडॉकची जागा शोधायला थिसिस जमा करण्याच्या वर्षभर आधी लागावं, असं मी माझ्या लॅबमधल्या प्रत्येकाला सांगते. पीएचडीनंतरची ही दोन-चार वर्षं म्हणजे शास्त्रज्ञाची उमेदवारी. गाईड बदलतो, बहुधा देशही बदलतो, आणि पुढे स्वतःची लॅब मिळेल का, हे बरंचसं या काळातल्या कामावर ठरतं.

पगार दोन वाटांनी येतो. एक, लॅबप्रमुखाच्या प्रकल्पातून. अमेरिकेत बहुतेकदा असंच. दुसरी, तुमच्या नावावरची फेलोशिप. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठी वर्षात केव्हाही अर्ज करता येतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपची मुदत साधारण सप्टेंबरात संपते आणि तोवर व्हायवा झालेली असावी लागते. आपल्याकडे थिसिस दिल्यापासून व्हायवापर्यंत कित्येक महिने जातात. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलाची ही संधी एका परीक्षकाचा अहवाल वेळेवर न आल्यामुळे हुकली. मला अजूनही त्याची चीड येते. भारतातच राहायचं तर राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी थिसिस जमा केलेल्यांनाही अर्ज करता येतो. वयाची अट मात्र पाहून ठेवावी.

कोणत्याही वाटेनं जा, ‘मी याला माझ्याकडे घेतो’ म्हणणारा एक शास्त्रज्ञ आधी मिळवावा लागतो. जाहिराती निघतात, ‘युरॅक्सेस’वर किंवा ‘नेचर’च्या नोकऱ्यांच्या पानांवर त्या रोज दिसतात. पण आमच्या जीवशास्त्रात कितीतरी जागा जाहिरात निघण्याआधीच एखाद्या पत्रावरून भरतात.

पुण्यात आम्ही क्षयाच्या जिवाणूंवर काम करतो. मला येणारी बहुतेक पत्रं ‘रिस्पेक्टेड सर’नं सुरू होतात आणि कोणत्याही लॅबला चालतील अशी असतात. मी बाई आहे, हे पाहण्याइतकाही वेळ त्यांनी दिलेला नसतो. एका मुलीचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं. आमचा पेपर वाचून तिनं लिहिलं होतं: औषधाचा परिणाम तुम्ही सगळ्या जिवाणूंच्या सरासरीवर मोजता, पण औषध पचवून तग धरणाऱ्या मूठभर पेशी त्या सरासरीत हरवतात. मी पीएचडीत सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीचा माग काढायला शिकले आहे, तो तुमच्याकडे काढून पाहू का? खाली दोन ओळींत तिचे पेपर, थिसिसची तारीख आणि कोणत्या फेलोशिपला अर्ज करणार ते. बस्स. मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. असं पत्र लिहायला आठवडा लागतो, कारण त्याआधी त्या लॅबचे चार पेपर नीट वाचावे लागतात. तेवढा वेळ द्यावाच.

शिफारसपत्रं देणाऱ्यांना महिनाभर आधी कळवावं, सोबत सीव्ही आणि संशोधनाचा आराखडाही द्यावा.

मुलाखत जमली की घाईनं होकार देऊ नये. त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांशी बोलावं. पेपरचा मसुदा बॉस किती दिवसांत वाचतो? बाळंतपणाच्या रजेत पगार चालू राहतो का? आणि स्वतःची लॅब सुरू करताना यातलं कोणतं काम सोबत नेता येईल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर थेट लॅबप्रमुखाकडूनच, आणि लेखी, मागून घ्यावं.