आरशातली आजारी डिस्क
रेड-१ रचनेत एकच डेटा दोन हार्ड डिस्कवर सेक्टरनिहाय सारखा लिहिला जातो. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी स्वस्त डिस्क जोडण्याचे पाच स्तर मांडले. त्यांतला पहिला स्तर म्हणजे हे मिररिंग. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहते.

मात्र डिस्क बहुधा एका झटक्यात जात नाही. आधी काही सेक्टर वाचता येईनासे होतात. प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करणारा संकेत असतो. तोही अपुरा पडला की डिस्क तो सेक्टर ‘पेंडिंग’ ठरवते आणि त्यावर नव्याने लिहिले जाईपर्यंत थांबते. लिनक्समध्ये रेड सांभाळणारी एमडी प्रणाली याचाच उपयोग करते. ती जोडीदार डिस्कवरून डेटा घेते आणि बिघडलेल्या जागी परत लिहिते. गरज पडल्यास डिस्क राखीव सेक्टर वापरात आणते. घरगुती डिस्क मात्र एकाच सेक्टरवर बराच वेळ अडून बसू शकते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहते. त्यानंतरही डिस्क सावरली नाही, तर ती जोडीतून बाद होते आणि स्थितीदर्शक ओळीतल्या ‘यूयू’पैकी एका ‘यू’च्या जागी रेघ उमटते.

खरा धोका इथून पुढे असतो. आजारी डिस्क काढून नवी बसवली की रिबिल्डसाठी, म्हणजे नवीवर सगळा डेटा उतरवण्यासाठी, उरलेल्या एकुलत्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. कित्येक महिने न वाचलेल्या भागातले दोष तेव्हाच उघडे पडतात. दोन्ही डिस्क एकदम घेतलेल्या असतील, तर त्यांचे वयही सारखेच असते. म्हणून आजारी डिस्क जोडीत काम करत असेल, तर ती न काढता नवी डिस्क तिसरी म्हणून जोडावी. दोन्ही जुन्या डिस्कचे दोष सहसा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीवर न मिळालेला सेक्टर दुसरीवर सापडतो.

दोन्ही डिस्क डळमळीत असतील, तर आधी रेड थांबवावी. त्यांवर काहीही लिहू नये, फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी आज्ञाही चालवू नये. अशा वेळी अँतोनियो दियास दियास यांचे ‘डीडीरेस्क्यू’ कामी येते. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अडणारा भाग मागे ठेवते आणि प्रत्येक जागेची नोंद मॅप फाइलमध्ये करते: मिळालेल्या भागापुढे अधिक चिन्ह, वाया गेलेल्यापुढे वजा. पहिल्या डिस्कची प्रत झाली की तीच प्रत आणि तीच मॅप फाइल ठेवून दुसरी डिस्क लावायची आणि वजा भागांवर पुन्हा प्रयत्न करायला सांगायचे. मग फक्त राहिलेल्या जागा दुसरीवरून भरल्या जातात.

यासाठी दोन्ही डिस्कवर डेटाची सुरुवात एकाच जागी हवी आणि दोन्ही एकाच क्षणाच्या हव्यात. रेडच्या नोंदीतील इव्हेंट काउंट जुळवून हे तपासतात. एक डिस्क आठवड्यापूर्वीच बाद झाली असेल, तर तिच्यावरचा डेटा शिळा असतो. तो मिसळला की एकाच फाइलमध्ये जुने-नवे तुकडे येतात. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर तिचा वीजपुरवठा तोडून ती धूळमुक्त प्रयोगशाळेकडे सोपवावी.

मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच वेळी जाते. त्यामुळे वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप हवाच. शिवाय दर महिन्याला दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तपासाव्यात, म्हणजे जोडीदार धडधाकट असतानाच दोष सापडतो आणि दुरुस्त होतो.