करकरणारी फळी आणि नवी जमीन

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं. आजचा विषयही ऐकण्याचाच आहे.

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीत किंवा पुण्यातल्या पेठेतल्या वाड्यात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना कुठली फळी करकरते हे पाठ असतं. रात्री उशिरा घरी आलं की ती फळी चुकवून पाय टाकायचा! आता त्याच खोलीत नवी जमीन घालायची ठरते. विनाइल, लॅमिनेट, नाहीतर सरळ लाद्या. सगळे म्हणतात, "वरून झाकलं की झालं." पण झाकल्यावरही खालची फळी हलतेच. ती का हलत होती, हे बघायची वाट तेवढी बंद होते.

आधी ही जमीन बनते कशी ते पाहू. खाली मोठी तुळई, तिच्यावर ओळीने कड्या आणि कड्यांवर खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, मग आकसतं, आणि तेही लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त. वर्षानुवर्षं हे चाललं की खिळा ढिला होतो आणि फळी-कडीत बारीक फट पडते. पाय पडला की फळी दबते, खिळ्याच्या अंगाला घासते. पाय उचलला की परत वर येते. करकर ती हीच. कधी शेजारच्या दोन फळ्याच एकमेकींना घासतात. म्हणून तपासणी पावसाळ्यानंतर लाकूड चांगलं वाळल्यावर करा. फुगलेल्या फळ्या गप्प बसतात आणि आपण फसतो.

तपासायचं कसं? एकाने सावकाश चालायचं, दुसऱ्याने आवाजाच्या जागी खडूने खूण करायची. जमलं तर तिसऱ्याने खालच्या मजल्यावरून बघायचं. आपली जमीन म्हणजे खालच्यांचं छत, तेव्हा त्यांना आधी सांगा. वायरी कुठून गेल्यात तेही तिथूनच कळतं.

आता आवाजातला फरक ऐका. कोरडी, तीक्ष्ण करकर असेल तर बहुधा खिळ्याचं दुखणं, घरच्या घरी बरं होणारं. पण आवाज बद्द येतो, पाय खाली दबल्यासारखा वाटतो, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने खाल्लंय. कड्यांची भिंतीत गेलेली टोकं आणि मोरीच्या आसपासची जागा, ही आधी बघा. असं काही सापडलं तर काम तिथेच थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मुंबईतली उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जा. कडीचं दुखणं एका खोलीचं नसतं, ते खाली राहणाऱ्यांचंही असतं.

कड्या ठणठणीत असतील तर उपाय सोपा आहे. जुन्या खिळ्यावर पुन्हा हातोडी मारू नका. भोक मोठं झालेलं असतं, काही दिवसांत तो परत वर येतो. त्याच्या शेजारी स्क्रू घाला. खिळ्यांची रांग दिसते तिच्याखालीच कडी असते. फळी एक इंच जाड असेल तर स्क्रू अडीच-तीन इंची हवा. फळीतलं भोक स्क्रू सैल जाईल एवढं पाडा, कडीतलं बारीक. इथे बरेचजण चुकतात. स्क्रूचे आटे फळीतही धरले, तर फळी कडीवर ओढली जात नाही आणि फट तशीच राहते. माथा फळीच्या आत बसवा, नाहीतर विनाइलवर त्याचा उंचवटा दिसेल. खालून हात पोचत असेल तर फटीत गोंद लावलेली पातळ पाचर हलकेच सरकवा. जोरात ठोकली तर फळीच उचलली जाते.

(श्रोत्यांतून प्रश्न: फटीत टाल्कम पावडर टाकली तर?)

घासणं कमी होतं, आवाजही काही दिवस थांबतो. पण फळी हलायची राहत नाही. वर नवं काही घालणार असाल तर हा उपाय नको.

(श्रोत्यांतून प्रश्न: मग सरळ लादीच बसवली तर?)

चला, हिशेबच करू. दोन इंच मसाला आणि वर लादी म्हणजे चौरस मीटरला साधारण १२० किलो. दहा बाय बाराची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. म्हणजे १,३०० किलोंच्या पुढे! एवढं ओझं कायमचं त्या जुन्या कड्यांवर. शिवाय मसाल्यातलं पाणी लाकडात मुरतं. आणि लाकूड लवतं, लादी लवत नाही, ती तडकते. त्यापेक्षा फळ्या घट्ट करून वर प्लायवूड स्क्रूने बसवा आणि त्यावर विनाइल घाला. फक्त खालचं लाकूड पूर्ण कोरडं असू द्या, कारण झाकलेली ओल आतल्या आत लाकूड कुजवते.

घाईने सुतार बोलावण्याआधी आठवडाभर आपल्याच खोलीत कान देऊन चाला. खडू मात्र हातात ठेवा.