पार्कातली ओळखीची पाटी आणि फाटकाबाहेरची चूल

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की जळगाव-धुळ्याकडच्या घराघरांत एकच प्रश्न असतो : पोरांना कुठं न्यायचं? कुणी शिर्डीच्या वॉटर पार्कला जातं, कुणी शेगावला. ज्यांना जमतं ते खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत मजल मारतात. परतीच्या वाटेवर गाडीत खाण्याचा विषय निघतोच. "तोच पिझ्झा नि तोच बर्गर खायचा होता, तर एवढं लांब कशाला आलो?" असं आजोबा म्हणतात. आईचं म्हणणं वेगळं असतं : "निदान पोरांनी पोटभर खाल्लं तरी."

या वादात मी दोन्ही बाजूंनी बोललो आहे. आता तो आपल्या दाराशी आला आहे. खान्देशातही बागा, पाण्याचे पार्क, 'खेडेगाव' थाटाची ठिकाणं उभी राहू लागली आहेत. आतले गाळे कुणाला द्यायचे हे ठरवताना काही समजुती कुणी तपासतच नाही. म्हणून हा खटाटोप.

गैरसमज : खऱ्या थीम पार्कात बाहेरच्या कंपन्यांना थारा नसतो.

थीम पार्कांच्या मूळपुरुषाकडेच पाहू. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. वॉल्ट डिस्नेला पैशांची चणचण होती, आणि मोठमोठ्या कंपन्यांना आत जागा भाड्याने देणं हा ती भागवण्याचा एक मार्ग होता. आत शिरताच लागणारा 'मेन स्ट्रीट' हा रस्ता १९०० च्या आसपासचं अमेरिकी गाव दाखवतो. सुरुवातीच्या काळात त्याच रस्त्यावर बँक ऑफ अमेरिकाची शाखा होती, कार्नेशन या दूध कंपनीचं आइस्क्रीमचं दुकान होतं, आणि अपजॉन या औषध कंपनीने जुन्या काळची औषधांची पेढी मांडली होती. पलीकडच्या भागात फ्रिटोज कंपनीचं मेक्सिकन थाटाचं उपाहारगृह होतं. म्हणजे ओळखीच्या पाट्या आरंभापासून आतच होत्या. मात्र दुकान कुणाचंही असो, त्याचा दर्शनी भाग आणि लाकूडकाम त्या रस्त्याच्या काळाशी जुळवून घेई. २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात स्टारबक्सची कॉफी आली, तेव्हाही बाहेरचं 'मेन स्ट्रीट बेकरी' हे नाव कायम राहिलं आणि कॉफी देणाऱ्यांच्या अंगावर जुन्या काळचा पोशाख आला.

मुंबईत घाटकोपरच्या मॉलमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेलं किडझानिया याच्याही पुढे गेलं. ही कल्पना मेक्सिकोतली, १९९९ ची. मुलांसाठी एक छोटं शहर उभारायचं, त्यात मुलांनीच काम करून पगार घ्यायचा, आणि तिथल्या कित्येक दुकानांवर खऱ्या कंपन्यांची नावं लावायची. इथे पाट्या हीच थीम झाली. मला हे फारसं रुचत नाही. आठ वर्षांच्या मुलाला खेळता खेळता जाहिरात पाजली जाते आणि ती जाहिरात आहे हे त्याला कळतही नाही. पण 'ब्रँड आला की थीम मोडते' हे म्हणणं या उदाहरणापुढे टिकत नाही, हेही खरं.

गैरसमज : साखळी दुकान नसलं, की जे उरतं ते अस्सल आणि इथलं.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा आतली बरीच उपाहारगृहं त्याच्याच नावांची होती. 'आर्माडा' जहाजासारखं आहे, 'रेड बॉनेट' जुन्या अमेरिकी डायनरच्या थाटाचं. त्यांत साखळी कुठेच नाही. पण खोपोलीचं, रायगडचं, बोरघाटाच्या पायथ्याचं तरी त्यांत काय आहे? उलट 'चोखी ढाणी' बघा. बाज, कंदील, कठपुतळ्या, पंगत असा राजस्थानी गावाचा पुरेपूर देखावा. जयपूरजवळ १९८९ मध्ये सुरू झालेल्या या गावाच्या आज अनेक शाखा आहेत, एक पुण्याजवळही आहे. म्हणजे 'गाव' हीच साखळी झाली.

आपल्याकडे हायवेवर 'अस्सल खान्देशी' अशा पाटीखाली मिळणारी शेवभाजी खाऊन बघा. तर्री लालभडक असते, पण काळ्या मसाल्याचा वास नसतो, आणि शेव अशी की रश्शात पडताच तिचा लगदा होतो. अशा शेवभाजीपेक्षा प्रामाणिकपणे भाजलेला पिझ्झा परवडला, असं मी मनापासून म्हणतो. इथल्या नावाने विकलेला नकली पदार्थ इथल्या चवीचं जास्त नुकसान करतो, कारण पाहुणा हीच खान्देशी चव असं समजून घरी जातो.

गैरसमज : साखळी म्हणजे परक्यांची. पैसा सगळा बाहेर जातो.

पश्चिम आणि दक्षिण भारतातली मॅकडोनाल्ड्सची दुकानं वेस्टलाइफ ही मुंबईची कंपनी चालवते. डॉमिनोज जुबिलंट फूडवर्क्स ही भारतीय कंपनी चालवते. नावाचं मानधन परदेशी जातं हे खरं, पण पीठ, दूध, बटाटा, मजुरी इथलीच असते. जळगावची जैन इरिगेशन आंब्याचा गर काढते, आणि आंब्याच्या लागवडीसाठी कोका-कोलाबरोबर 'उन्नती' प्रकल्पात ती भागीदार राहिली आहे.

आणि साखळ्या काय फक्त परक्यांच्याच असतात? जळगाव जिल्हा दूध संघाचं 'विकास' दूध चौकाचौकात ओळखलं जातं, ती पाटी आपलीच. शेगाव स्टेशनावरची कचोरी फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने सुरू केली. भुसावळ-मलकापूरमार्गे जाणाऱ्या कैक पिढ्यांनी ती गाडीच्या खिडकीतून हात काढून घेतली. आज त्याच नावाची दुकानं शेगावच्या कितीतरी बाहेर निघाली आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तीही एक ओळखीची पाटीच आहे, आणि कुठल्याही जाहिरात कंपनीला न विचारता शेतकऱ्यांनी मिळवलेली.

गैरसमज : ब्रँड म्हणजे स्वच्छ, आपली चूल म्हणजे घाण.

माझा सगळ्यात जास्त आक्षेप या समजुतीवर आहे.

भरीत कसं होतं ते आधी जवळून पाहू. हिवाळ्यात, बामणोदचं किंवा आसोद्याचं वांगं : हिरवं, गलेलठ्ठ, बी कमी. शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या. जाळ भडभड होतो, साल काळी पडून फुटते, आतून वाफ सुटते. बायका राखेतून वांगं ओढतात, बोटं भाजून घेत साल काढतात आणि लाकडी बडगीत टाकतात. मग मुसळाचे ठोके. हिरवी मिरची आणि लसूण ठेचलेलाच असतो. वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि तेलाची चरचरीत फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, नाहीतर गरम पुरी. जाळावरून ताटात यायला फार वेळ लागत नाही, आणि सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं. यात घाण कुठे आहे?

घाण येते ती नळ नसल्यामुळे. हात धुवायला पाणी नसेल, सांडपाण्याला गटार नसेल, साली टाकायला डबा नसेल, तर जगातला कुठलाही आचारी स्वच्छ राहू शकणार नाही. साखळी दुकानाला गाळा देताना आपण काय काय देतो ते मोजा : चोवीस तास वीज, पाण्याची जोडणी, धुराडं, सांडपाण्याची वाट, फरशी. चुलीवाल्या बाईला यातलं एकही न देता, फाटकाबाहेरच्या धुळीत बसवून, वर तिला 'अनहायजिनिक' म्हणायचं. ही तुलनाच अन्यायाची आहे.

सोय करून दिली तर काय होतं, हे अहमदाबादच्या कांकरिया तलावावर दिसलं. छोटी आगगाडी, प्राणिसंग्रहालय, खेळणी असलेलं ते करमणुकीचंच ठिकाण. २०१८ मध्ये त्याला देशातलं पहिलं 'क्लीन स्ट्रीट फूड हब' असं मानांकन मिळालं. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या या योजनेत विक्रेत्यांना हटवत नाहीत, शिकवतात. पाणी, कचरा, टोपी, हातमोजे, जागेची आखणी पाहतात, तपासणी करतात आणि मग दर्जा देतात. धुळ्याहून सुरत-अहमदाबाद आपल्याला परकं नाही. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिकडेच जातो. येताना ही गोष्टही घेऊन यावी.

साखळ्यांचं एक श्रेय मात्र मोकळ्या मनाने द्यायला हवं. अनोळखी गावात लहान मुलाला घेऊन गेलेल्या आईला ती पाटी दिसली, की तिच्या जिवाला स्वस्थता मिळते. तिखट झेपेल का, पोट बिघडेल का, किती पैसे पडतील, याचं उत्तर तिला आधीच ठाऊक असतं. ही गरज खरी आहे, तिला नाकं मुरडणं मला पटत नाही. आपल्या गाळ्यांवरही दर मोठ्या अक्षरांत लिहिला, कमी तिखटाचं एक पातेलं वेगळं ठेवलं आणि नोंदणीचा क्रमांक दिसेल असा लावला, तर तोच विश्वास तिथेही मिळेल.

गैरसमज : ब्रँडमुळे महागाई होते.

गेल्या वर्षी एका वॉटर पार्कात वीस रुपये छापलेल्या पाण्याच्या बाटलीला मी चाळीस मोजले. पोरं तहानलेली होती, हुज्जत घालायला वेळ नव्हता. बाटलीवर नाव मोठ्या कंपनीचं होतं, पण तिने तर वीसच छापले होते. वाढवले ते काउंटरने. एकाच पॅकबंद मालावर दोन वेगळ्या छापील किमती टाकण्यावर १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. हॉटेलात बसवून, सेवा देऊन जास्त दर लावण्याला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये मुभा दिली, पण खिडकीतून नुसती बाटली हातात देणं म्हणजे हॉटेलची सेवा नव्हे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या. आता मी तो ठेवला आहे.

महागाईचं मूळ बहुतेकदा लिलावात असतं. सगळ्यात मोठी बोली लावेल त्याला गाळा दिला, तर तो ते पैसे आपल्याच ताटातून वसूल करणार, मग पाटी कोणाचीही असो.

गैरसमज : नावाजलेला ब्रँड आणला, की गर्दी मागून येते.

शेगावचं आनंदसागर भरात होतं, तेव्हा लोक कुठल्याही पिझ्झ्यासाठी तिथं जात नव्हते. तलाव, बेटावरचं ध्यानकेंद्र, झुकझुक गाडी, झाडलेले रस्ते, आणि गजानन महाराज संस्थानाची शिस्त. खाण्याचे दर माफक असत. सारंगखेड्याला दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथं लोक घोडे, पाळणे आणि जिलेबीसाठी येतात. उलट साखळीला रोजचा गल्ला लागतो. आपल्या भागातला पार्क मे महिन्यात ओसंडतो, श्रावणात रिकामा. असा हिशेब मोठ्या साखळीला सहसा बसत नाही, आणि तिच्यासाठी राखून ठेवलेला गाळा कुलूप लावून पडून राहतो. चुलीवाली मात्र हंगामाप्रमाणे येते-जाते. यात्रांचं गणित तिला आईकडून मिळालेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात धुळ्याकडच्या एका बागेबाहेर एक मावशी पुरणाचे मांडे करत होत्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घ्यायचा, तळव्यांवरून मनगटांकडे, मनगटांवरून कोपरांकडे खेळवत तो पातळ होत जातो, पलीकडचा दिवा त्यातून दिसू लागतो, आणि मग एका झेपेत तो पालथ्या खापरावर पडतो. भोवती पंधरा-वीस पोरं तोंड उघडं टाकून उभी होती. आतली खेळणी सोडून आलेली. मी वर्तमानपत्रात लिहितो हे कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी हात न थांबवता विचारलं, "भाऊ, मझार चुल्हा पेटाडू देतीन का?" म्हणजे, आत चूल पेटवू देतील का?

मी गाळ्याचा अर्ज मिळवून वाचला. अनामत रक्कम होती, तीन वर्षांची उलाढाल मागितली होती, आणि एक अट होती : उघडी आग चालणार नाही. गाळ्यामागे चार पत्र्यांची शेड, एक धुराडं आणि वाळूच्या दोन बादल्या एवढ्यात ती अट बदलता येईल, असं मी त्या बागेच्या व्यवस्थापनाला लिहून कळवलं आहे. त्या दिवशी मी निघालो तेव्हा मावशींकडे पिठाची परात अजून अर्धी भरलेली होती आणि रांग फाटकाच्या आतपर्यंत गेली होती.