बोट लागू नये म्हणून

देशावरच्या माणसाची समुद्राशी गाठ पडते ती वर्षा-दोन वर्षांतून एकदा, आणि म्हणूनच नाशिकच्या एखाद्या घरात मांडव्याला, घारापुरीला किंवा मालवणच्या सिंधुदुर्गावर जाण्याचा बेत मुक्रर झाला, की तिकिटांच्या आणि मुक्कामाच्या बंदोबस्ताची बोलणी चाललेली असतानाच कोणीतरी वडीलधारे माणूस हलक्या आवाजात विचारते, "पण बोट लागली तर?" मराठीत बोट धक्क्याला लागते तशी माणसालाही लागते, जसे ऊन लागते किंवा दृष्ट लागते, आणि ज्याला ती लागते त्याचे पोट कच्चे किंवा मन भित्रे, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की मळमळ सुरू झालेला माणूस शरमेने तोंड फिरवून बसतो आणि सांगायला हवे तेव्हा काहीच सांगत नाही. ही समजूत मला अन्यायाची वाटते, आणि तिच्यापायी वेळीच करण्याजोगे उपाय राहून जातात म्हणून ती घातकही वाटते.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही घरची सात माणसे मांडव्याला गेलो, त्यांत सत्तरीला टेकलेली माझी आत्या होती. सप्तशृंगीच्या दर्शनाला जाताना नांदुरीचा घाट लिंबू हुंगत चढण्याची तिला सवय, त्यामुळे समुद्राविषयी ती मुळातच साशंक. परंतु पंधरा दिवस आधी गंगापूर धरणाच्या पाण्यात नावेत बसवून आम्ही तिची जणू परीक्षाच घेतली होती, आणि तीत ती हसतमुखाने उतरल्यामुळे आम्हा सर्वांना धीर आला होता. तरीही धास्तीने तिने आदल्या रात्रीपासून अन्न घेतले नाही, कसारा घाट उतरून मुंबईस पोहोचेपर्यंत चहाच्या दोन घोटांवर राहिली, आणि दुपारी गेटवेला लाँच मिळाली तेव्हा वारा बाधू नये म्हणून खालच्या बंद भागात, इंजिनाच्या धडधडीशेजारी, मान खाली घालून बारीक टाइपाची पोथी वाचत बसली. बंदराचा आडोसा सुटून उघड्या समुद्राची लाट लाँचच्या कुशीवर येऊ लागली तशी तिने पोथी मिटली. लागोपाठ तीन जांभया आल्या, कपाळावर गार घामाचे थेंब उभे राहिले, ओठ पांढरे पडले, आणि मग पदर तोंडाशी नेण्याइतकाही अवसर तिला मिळाला नाही.

या प्रकारात आत्याच्या पोटाचा काडीइतकाही दोष नव्हता. कानाचे काम केवळ ऐकण्याचे नाही. अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, ज्यांना डोके वळल्याची वर्दी मिळते, आणि त्यांच्या पायथ्याशी चुन्याच्या जातीचे सूक्ष्म स्फटिक बाळगणारी दोन इंद्रिये असतात, जी वरखाली व मागेपुढे होणाऱ्या गतीची नोंद ठेवतात. बंद जागेत पोथीवर खिळलेले डोळे मेंदूला सांगत असतात की सारे काही स्थिर आहे; त्याच क्षणी कान जबानी देतो की बसलेली जागा वर उचलली जात आहे आणि कलंडतही आहे; आणि जन्मभर या साक्षीदारांची एकमुखी साक्ष ऐकत आलेला मेंदू अशा वेळी गोंधळून जातो. १९७५ साली रीझन आणि ब्रँड या ब्रिटिश संशोधकांनी आपल्या ग्रंथात या विसंगतीची उपपत्ती सविस्तर मांडली. आणि मेंदू या विसंगतीला विषबाधेचे लक्षण समजून पोट रिकामे करवतो, असेही एक मत आहे. आजाराने किंवा जन्मतः ज्यांचे अंतःकर्णातील हे यंत्र पूर्ण निकामी झालेले असते त्यांना बोट लागत नाही, अंध माणसाला मात्र ती लागू शकते, यावरून मूळ तक्रार कोठून उठते हे ध्यानात यावे. भित्रेपणाविषयी म्हणाल तर आरमारी लढायांत कीर्ती मिळवलेल्या नेल्सनला ही व्यथा जन्मभर होती, आणि १८३१ च्या डिसेंबरात 'बीगल' जहाजावर चढलेला चार्ल्स डार्विन १८३६ च्या ऑक्टोबरात इंग्लंडात परत उतरेपर्यंत तिने त्रस्त होता. आरंभीच्या दिवसांत त्याच्या पोटाला सोसले ते केवळ बिस्किटे आणि बेदाणे, ही गोष्ट द्राक्षांच्या मुलखातल्या माणसाला ठाऊक असावी.

आमची धरणावरची परीक्षा कशी फसली, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते, कारण ही चूक सहज कोणाकडूनही होईल. हेलकावा किती मोठा यापेक्षा तो किती सावकाश येतो, यावर पुष्कळसे अवलंबून असते. माणसांना यंत्रावर वरखाली हलवून जे प्रयोग झाले त्यांत असे आढळले की साधारण पाच सेकंदांत एक, अशा संथ हेलकाव्याने सर्वांत जास्त मळमळ होते. टांग्याचे हिसके, घोड्याची दुडकी चाल किंवा धरणाच्या पाण्यावरची आखूड, चपळ लाट ही त्या मर्यादेबाहेर पडतात. उलट उंटाची चाल, घाटातली एस.टी., कालिकेच्या यात्रेतला उंच पाळणा आणि समुद्राची लांब लाट ही सारी एका जातीची. घाटात ज्याला गाडी लागते त्याने गंगापूरच्या पाण्यावर विसंबू नये. नांदुरीचा घाट हीच त्याची खरी चाचणी.

हे कारण कळले की उपायांचा शोध घ्यावा लागत नाही, ते आपोआप सुचतात. तराजूची पारडी कितीही वरखाली झाली तरी दांडीचा मध्य जवळजवळ जागच्या जागी राहतो, त्याच न्यायाने बोटीच्या नाळेवर किंवा वरच्या मजल्यावर न बसता मध्यभागी, पाण्याच्या पातळीच्या शक्य तितके जवळ बसावे. मात्र तेथे मोकळी हवा हवी आणि क्षितिज दिसायला हवे. तोंड बोटीच्या दिशेने करून, मान टेकवून, जी रेषा हलत नाही तिच्यावर, म्हणजे क्षितिजावर किंवा दूरच्या डोंगरावर, नजर ठेवावी, म्हणजे डोळा आणि कान यांची साक्ष जुळते. पुस्तक, मोबाइल आणि डिझेलचा वास ही तीन वर्ज्य. तेही साधत नसेल तर डोळे मिटून आडवे व्हावे.

वेळेचाही विचार व्हावा. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्या-उन्हाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपार कलू लागली की समुद्रावरचा खारा वारा जोर धरून पाणी उचलतो. त्यामुळे शक्यतो सकाळचीच लाँच धरावी. उपाशीपोटी जाणे हे तुडुंब जेवून जाण्याइतकेच वाईट. दोन तास आधी सुकी पोळी, थोडा भात असे हलके अन्न घ्यावे, तळलेले आणि मद्य टाळावे. आलेपाक किंवा सुंठ-गूळ यांचा गुण काहींना येतो, काहींना येत नाही, आणि संशोधकांचेही त्याविषयी एकमत नाही. पण त्यात अपाय नाही, तेव्हा जिचा त्यावर विश्वास आहे त्या आजीला कोणी अडवू नये.

औषधांची कथा मात्र सांगण्यासारखी आहे. १९४७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका गर्भवती स्त्रीला नवे औषध दिले, तेव्हा ट्रामने जाताना तिला नेहमी होणारी मळमळही थांबल्याचे आढळले. त्याच वर्षी युरोपकडे निघालेल्या एका लष्करी जहाजावरील सैनिकांवर त्या औषधाची, म्हणजे डायमेनहायड्रिनेटची, चाचणी झाली. आपल्याकडे अव्होमिन या नावाने परिचित असलेले प्रोमेथाझिन आणि सिनारिझिन ही औषधेही याच कामी येतात, परंतु ती बोट सुटण्याच्या तास-दोन तास आधी पोटात जायला हवीत, कारण एकदा कोठा उलटू लागला की गोळी तेथे टिकत नाही. त्यांनी झोप येते, म्हणून घाटातून गाडी हाकणाऱ्याने ती घेऊ नयेत; दोन वर्षांखालील बालकाला प्रोमेथाझिन देऊच नये; गर्भवती, काचबिंदूचे रुग्ण आणि लघवीस अडथळा असलेले वृद्ध यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतीही गोळी घेऊ नये. आणखी एक खबरदारी: अपचनाच्या उलट्यांवर घरात ठेवलेली ऑन्डॅन्सेट्रॉनची गोळी बोटीच्या मळमळीवर बहुधा उपयोगी पडत नाही.

परतताना आम्ही अलिबागेस रात्र काढून सकाळची लाँच धरली. डॉक्टरांना फोनवर विचारून आत्याला तासभर आधी गोळी दिली होती, पोटात अर्धी पोळी होती, हातात पिंपळगावकडच्या बेदाण्यांची पुडी होती, आणि पोथी पिशवीच्या तळाशी गेली होती. पाणी त्या सकाळी शांत होते, त्यामुळे श्रेय कोणाला किती द्यावे हे मी सांगू शकत नाही. पण मधल्या बाकावर काठाशी बसून पश्चिमेकडे नजर लावलेली आत्या तासाभराचा प्रवास सुखाने करती झाली. वाटेत समोरच्या बाकावरची सात-आठ वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर वाकून मोबाइल पाहत होती. तिने एक जांभई दिली, मग दुसरी, आणि आत्याने पुडी पुढे करीत त्या आईला म्हटले, "अहो, तो मोबाइल ठेवा आधी, आणि तिला इकडे माझ्याशेजारी वाऱ्यावर बसवा. मला कळतंय तिला काय होतंय ते."